बघून काढलं, म्हणून काय बिघडलं?

पालकहो,

शाळेत चित्रकला स्पर्धेचा निकाल लागला की कुणीतरी आई किंवा वडील मला गाठतात आणि जरा खालच्या आवाजात विचारतात, "सर, आमच्या लेकरानं सगळं मनानं काढलं होतं. त्या दुसऱ्या पोरानं समोर वस्तू ठेवून बघून काढलं. तरी नंबर त्यालाच कसा?" यात तक्रारीपेक्षा कोड्यात पडल्याचा भाव जास्त असतो. मनानं काढणं म्हणजे खरी कला आणि बघून काढणं म्हणजे नक्कल, जवळजवळ कॉपीच, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावू नको, हे सांगून सांगून आपण चित्रालाही तोच नियम लावून टाकला आहे.

तुमच्याशी याच विषयावर सविस्तर बोलायचं आहे. या एका समजुतीपायी चांगली नजर असलेली कितीतरी लेकरं चित्र काढायचं सोडून देतात, आणि मला ते फार लागतं.

आधी 'मनानं काढलेलं' चित्र नीट बघू. मुलाला कोरा कागद द्या आणि म्हणा, काढ तुझ्या मनानं काहीतरी. दोन टोकदार त्रिकोणी डोंगर येतील. त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, किरणांच्या सरळ रेघा. डोंगरातून थेट खाली येणारी नदी. एका बाजूला उतरत्या छपराचं घर, दुसऱ्या बाजूला वाकलेलं नारळाचं झाड. आकाशात चार-सहा पक्षी, टिकमार्क केल्यासारखे. सेनगावच्या शाळेत हेच चित्र, वसमतच्या शाळेत हेच, कळमनुरीतही हेच. आता मला सांगा, आपल्या हिंगोली जिल्ह्यात असे टोकदार डोंगर कुठे आहेत? आपले डोंगर माथ्यावर सपाट, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे, उन्हाळ्यात पिवळट-तपकिरी दिसणारे. कयाधू नदी उन्हाळ्यात कशी दिसते ते आपण सगळे जाणतो. पात्रात वाळू, दगड, मधे मधे डबकी, कडेला बाभळी. नारळाच्या झाडाखाली बसून आपल्यातल्या किती जणांचं बालपण गेलं?

म्हणजे ते चित्र मनानं काढलेलं नाहीच. तेही बघूनच काढलेलं आहे. फरक इतकाच, की डोंगर बघून न काढता दुसऱ्या कुणाचं तरी चित्र बघून काढलेलं आहे. ताईच्या वहीतून ते दादाच्या वहीत आलं, दादाच्या वहीतून धाकट्याच्या. पाढा पाठ व्हावा तसं ते पाठ झालं. यात मुलाचा काडीचाही दोष नाही. त्याला कुणी खरा डोंगर दाखवून "आता हा काढ" असं म्हटलेलंच नसतं.

मी वर्गात एक गोष्ट करून बघतो. हळदीचा हंगाम असला की मुलांना आधी काही न दाखवता सांगतो, हळकुंड काढा. आपली मुलं हळदीत वाढलेली. वसमतची हळद तर आता भौगोलिक मानांकन मिळालेली. काढणीच्या दिवसांत आखाड्यावर हळद शिजत असते, वाफेचा तो वास अंगाला, कपड्यांना, दप्तरालासुद्धा येतो. तरी कागदावर काय उमटतं? एक पिवळा, गुळगुळीत, बोटासारखा आकार. वर्गभर तोच.

मग मी प्रत्येक बाकावर एकेक ओलं हळकुंड ठेवतो आणि सांगतो, पेन्सिल खाली ठेवा, आधी फक्त बघा. पहिलं मिनिटभर कुणाला काही दिसत नाही. मग एक जण म्हणतो, "सर, हे पिवळं नाहीच." खरंच नसतं. वरची साल मातकट तपकिरी असते, जागोजागी पापुद्रा सुटलेली. मग कुणाला आडव्या वळ्या दिसतात, अंगठीसारख्या, टोकाकडे जवळजवळ आलेल्या आणि मधे लांब लांब. मग कुणाला गड्ड्यापासून मोडलेल्या जागचा गोल वण दिसतो. एखादी मुलगी नखानं टोकरते आणि आतला केशरी रंग बघून गप्प होते. आडवं कापून दाखवलं की केशरीच्या आत आणखी गडद गोल दिसतो. आता पेन्सिल उचला म्हटलं की एकाचं चित्र दुसऱ्यासारखं येत नाही. कुणाचं हळकुंड वाकडं, कुणाचं जाड, कुणाला अंगठ्यासारखा फाटा फुटलेला. समोर वस्तू आली आणि प्रत्येकाचं चित्र वेगळं झालं. मनानं काढताना ती सगळी एकसारखी होती.

ही गोष्ट माझ्या मते प्रत्येक पालकानं एकदा तरी आपल्या स्वयंपाकघरात करून बघावी. बघून काढल्यानं मुलाचं स्वतःपण जातं अशी भीती आपल्याला असते. प्रत्यक्षात ते तिथे सुरू होतं.

कल्पनाशक्ती म्हणजे हवेतून काहीतरी आणणं, असा एक गोड गैरसमज आहे. कल्पना जे काही करते ते साठ्यातल्या मालावर करते. पाहिलेलं मोडायचं, जोडायचं, वाढवायचं, उलटं करायचं. साठाच नसेल तर फार मोठ्या कलावंताचाही हात चुकतो. याची एक गोष्ट सांगतो. तिची सुरुवात आपल्या शेजारच्या गुजरातेत आणि गोव्यात होते. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा यानं पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजात चढला आणि १५१५ साली मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता, त्यामुळे मोठी खळबळ उडाली. जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा चित्रकार होता. त्या काळातला रेखाटनात सगळ्यात तयार म्हणावा असा हात. त्याच्यापर्यंत गेंड्याचं वर्णन करणारं पत्र आणि कुणीतरी केलेलं एक कच्चं रेखाटन पोहोचलं. तेवढ्यावर त्यानं गेंडा काढला आणि लाकडी ठशावरून छापला. चित्र देखणं आहे, आजही जगभर प्रसिद्ध आहे. पण त्या गेंड्याच्या अंगावर लढाईच्या चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या वर, पाठीवर, एक छोटं जादा शिंग आहे. खऱ्या गेंड्याला असलं काही नसतं. तरी पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातली पुस्तकं तोच गेंडा छापत राहिली आणि लोक तोच खरा मानत राहिले.

ही गोष्ट मुलांना फार आवडते. ड्यूररला हसायचं म्हणून मी ती सांगत नाही. इतक्या थोर माणसाच्या हातालाही समोर जनावर लागतं, हे मुलांना कळलं की "मला बघितल्याशिवाय येत नाही" याची लाज निघून जाते.

आता आपल्या मराठी माणसाची गोष्ट. तुम्ही ते चित्र नक्की पाहिलं असेल, कॅलेंडरवर किंवा दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर. अंधारात एक साडीतली मुलगी उभी आहे, हातात दिवा, वारा लागू नये म्हणून दुसरा हात ज्योतीपुढे धरलेला, आणि त्या बोटांतून प्रकाश लालसर झिरपतो आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. ते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, १९४५-४६च्या सुमाराचं, आणि आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते चित्र बघताना कुणालाही वाटेल की हे कवीच्या मनातलं स्वप्न आहे. पण हळदणकरांनी त्यासाठी स्वतःच्या मुलीला, गीताला, हातात दिवा देऊन समोर उभं केलं होतं. शिवाय ते जलरंगात आहे. जलरंगात चुकलेलं पुसता येत नाही, पांढरा कागद राखूनच उजेड दाखवावा लागतो. ज्योतीच्या उजेडात बोटांची कड कुठे लाल होते आणि कुठे सावळी राहते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असं कुणाला जमणार नाही.

घरात लाइट गेली की करून बघा. मोबाइलची टॉर्च लावा, तिच्यावर मुलाचा पंजा ठेवा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. मुलाला विचारा, मधे काळपट काय दिसतंय, कड लाल का? ते पोर पुढे कधी दिव्याचं चित्र काढेल तेव्हा पिवळ्या खडूनं चार रेघा मारून थांबणार नाही.

शिवजयंतीला आपल्याकडे शाळाशाळांत महाराजांची चित्रं काढतात. ती सगळी लेकरं ज्या चेहऱ्याची ओळख मनात घेऊन काढतात, तो चेहरा आपल्याला सहज मिळालेला नाही. एक काळ असा होता की भलत्याच व्यक्तीचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून समकालीन डच चित्राचा शोध लावला आणि ती चूक दुरुस्त झाली. पुढे कोल्हापूरच्या गोपाळ बळवंत कांबळे यांनी काढलेलं महाराजांचं चित्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. महाराजांना समोर बसवता येत नव्हतं, म्हणून मनाला येईल तो चेहरा काढला असं झालं नाही. आधाराचा शोध घेतला गेला आणि त्यावर कलावंताची कल्पना उभी राहिली. श्रद्धेच्या विषयात आधार किती जपावा लागतो, ते मुलांना या गोष्टीतून चटकन कळतं.

तर बघून काढण्यात वाईट काही नाही. पण काय बघून काढायचं, हे मात्र महत्त्वाचं आहे, आणि तिथे मला तुमची मदत हवी.

सगळ्यात चांगलं म्हणजे खरी वस्तू. तांब्या, पितळी गुंड, कांदा, आजीची काठी, दारातली चप्पल, बांधलेलं वासरू. खरी वस्तू डाव्या डोळ्याला थोडी वेगळी दिसते, उजव्याला थोडी वेगळी. आपण जरा सरकलो की तिची कड बदलते. ऊन सरकलं की सावली सरकते. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हेच शिक्षण आहे.

त्यानंतर फोटो. फोटोत हे बरंचसं कॅमेऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून फोटो वर्ज्य नाही. वाघ किंवा समुद्र हिंगोलीत समोर कुठून आणणार? पण फोटो शक्यतो मुलानं स्वतः काढलेला असावा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलात तर मोबाइल पाच मिनिटं त्याच्या हातात द्या. देवळाच्या भिंतीवरची कोरीव शिल्पं, खालचा काळा दगड, वरचं पांढरं शिखर, त्याला हवं ते त्याला हवं त्या बाजूनं टिपू द्या. घरी येऊन त्यावरून काढलेलं चित्र त्याचंच असेल.

आणि शेवटी दुसऱ्याचं चित्र. मोबाइलवर 'इझी ड्रॉइंग' शोधायचं आणि रेघेला रेघ लावायची, हे आज सगळ्यात जास्त चालतं. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण चित्र हुबेहूब येतं, नातेवाईक वाहवा करतात, आणि मुलाचा डोळा काहीच शिकलेला नसतो. ज्यानं मूळ चित्र काढलं त्यानं वस्तू पाहिली, निवड केली. आपल्या मुलाच्या वाट्याला फक्त उतरवणं आलं. अशी चित्रं स्पर्धेला पाठवू नका. ते दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणं होतं आणि मुलाला ते आतून माहीत असतं.

अभ्यास म्हणून मात्र थोरांच्या चित्राची प्रत करणं ही जुनी आणि सन्मानाची रीत आहे. आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्या विद्यार्थ्यांचा हात आणि नजर त्या भिंतींसमोर तयार झाली. त्यांनी ती चित्रं आपली म्हणून सांगितली नाहीत, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे. मुलानं प्रत केली तर खाली लिहायला सांगा, अमुक चित्रावरून. ही सवय सातवीत लागली तर जन्मभर कामाला येते.

आता वयाचं बोलू, कारण हे सगळं वाचून कुणी चार वर्षांच्या पोरीसमोर तांब्या ठेवून बसू नये.

सात-आठ वर्षांपर्यंत मूल जे दिसतं ते काढतच नाही, जे माहीत आहे ते काढतं. घर काढलं तर भिंतीआडची आजीही दिसते, गाईच्या पोटातलं वासरूही दिसतं. आई सगळ्यात मोठी, बस तिच्या गुडघ्याएवढी. हे चुकलेलं नाही. मूळचे ऑस्ट्रियाचे आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' या पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या नीट मांडल्या, आणि जगभरचे कलाशिक्षक आजही त्या वापरतात. या वयात "गाय अशी असते का?" असं म्हणू नका. "ही कुठं चालली?" एवढं विचारा. ती सांगेल, आणि सांगता सांगता आणखी चार रेघा काढेल. आखून दिलेल्या चित्रात रंग भरायच्या पुस्तकांना लोवेनफेल्ड यांचा विरोध होता, माझाही आहे. रेघेच्या बाहेर रंग गेला म्हणून रडणारं पाच वर्षांचं लेकरू पाहिलं की मन कळवळतं.

खरी कसोटी येते ती साधारण नऊ ते बारा या वयात, म्हणजे चौथी ते सहावी-सातवीत. एका वर्षात मूल बदलतं. कालपर्यंत कागदामागून कागद भरणारी मुलगी एकदम म्हणते, "मला चित्र येत नाही." तिची बोटं तीच, रंग तेच. झालेलं असतं एवढंच, की तिचा डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. आपण काढलेला बैल खऱ्या बैलासारखा नाही हे तिला पहिल्यांदाच दिसू लागतं. ही प्रगती आहे, पण तिला ती हार वाटते. आणि नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, "येत नाही तर सोड, गणिताकडे लक्ष दे." किंवा प्रेमानं म्हणतो, "तुझ्या मनानं काढ गं, छान येईल." ती मनानंच काढते आहे, आणि तिथेच अडली आहे. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन कलाशिक्षिकेचं १९७९ सालचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक मोठी माणसं दहा-बारा वर्षांच्या मुलासारखंच चित्र काढतात, कारण त्या वयात त्यांनी ते सोडलेलं असतं. तुम्ही स्वतः आत्ता कागद घेऊन बघा. बहुतेकांचे तेच दोन डोंगर येतील.

अशा मुलीला गोठ्यात न्या. आपल्या भागातला लाल कंधारी बैल समोर असेल तर आणखी छान, लाल अंग आणि डोळ्यांभोवती काळसर कडा. तिला म्हणा, कान शिंगांच्या वर आहेत का खाली, ते बघ. मागचा पाय कुठे मोडतो ते बघ. मुलं बैलाचा मागचा पाय आपल्या गुडघ्यासारखा पुढे मोडतात, म्हणून बैल खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तिथला सांधा मागे टोक काढून असतो. वशिंड मानेच्या मागे नेमकं कुठे सुरू होतं, गळ्याखालची पोळी किती खाली लोंबते, ते बघ. दोनच गोष्टी सापडल्या तरी तिचा बैल उभा राहतो. "आला!" असं ती स्वतःशीच म्हणते. तो क्षण मी वर्गात पाहिला आहे आणि त्यासाठीच मी हा पेशा धरून आहे.

आपल्या राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा तुम्हाला ठाऊक आहेत. दहावीच्या वाढीव गुणांमुळे त्यांच्याकडे पालकांचं लक्षही असतं. त्यांत समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचा पेपर आहे, डिझाइन करायचा संकल्पचित्राचा आहे आणि या दोहोंच्या मधे स्मरणचित्राचा आहे. स्मरणचित्रात समोर काही नसतं. बाजार, जत्रा, बसस्थानक असा एखादा विषय, आणि त्यात माणसं यायला हवीत. ज्यांनी हे पेपर ठरवले त्यांना बघणं आणि कल्पना यांच्यामधला पूल नेमका कळला होता, असं मला वाटतं. आधी पाहायचं, मग आठवायचं, मग रचायचं.

आज मात्र स्मरणचित्र म्हणजे पाठ केलेलं चित्र झालं आहे. टोपली घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, मागे दोन दुकानं. विषय बाजार आला तरी तेच, जत्रा आली तरी तेच, नुसता पाळणा वाढवायचा. आपल्या हिंगोलीचा दसरा म्हणजे केवढी मोठी गोष्ट! रामलीला मैदानावर रावण उभा राहतो, आकाशपाळणे, दुकानं, धूळ, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. तिथून आलेल्या मुलाच्या जत्रेच्या चित्रात तो खांद्यावरचा मुलगा का नसावा? तो स्वतः तिथे बसून आलेला असतो.

पुढच्या वेळी गर्दीत गेलात तर मुलाला एकच माणूस नेमून द्या. फुगेवाला म्हणा, उसाच्या रसाच्या गाडीवरचा माणूस म्हणा. दोन मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. वजन कोणत्या पायावर आहे, कोपर कुठे आहे, मान कुठे वळली आहे. मग पाठ फिरवायची आणि घरी येऊन काढायचं. अडलं तर दुसऱ्या दिवशी तसाच दुसरा माणूस बघायचा. याला रंगपेटीही लागत नाही. एका बाजूनं कोरे असलेले जुने कागद आणि पेन्सिल पुरते.

आता दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर बोलणं अर्धवट राहील. काही घरांत उलटा आजार असतो. मुलाचा हात तयार असतो, समोर ठेवाल ते हुबेहूब काढतो, आणि आईवडील त्याला फक्त तेच करायला लावतात. हुबेहूब आलं की कौतुक, नाही आलं की परत. असं मूल नववी-दहावीत पोहोचतं आणि कोरा कागद दिला की थिजतं. समोर काही नसेल तर काय काढायचं, हेच त्याला सुचत नाही. लिओनार्दो दा विंची आपल्या शिष्यांना सांगत असे की डाग पडलेल्या, पोपडे आलेल्या भिंतीकडे टक लावून बघा, त्यात डोंगर, लढाया, चेहरे दिसतील. आपल्याकडे पावसाळ्यात ओल आलेली भिंत प्रत्येक घरात असते. मुलाला विचारा, यात तुला काय दिसतं? मग तेच मोठं करून काढ म्हणा.

डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते समोर माणूस उभा करून काढत नसत. दोन त्रिकोणांचं शरीर आणि काडीचे हातपाय. पण भात लावणारी बाई किती वाकते आणि तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर कसा वळतो, हे त्या रेघेत अचूक आहे, कारण ते आयुष्यभर त्यातच वावरले. तिथे बघणं आणि कल्पना वेगळी काढताच येत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात तर यासाठी एक फार सुंदर विषय पडून आहे. नामदेव महाराज आपल्या नर्सीचे. ते औंढा नागनाथाच्या देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितलं, आणि देवानं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं, नंदी मात्र मागे राहिला, ही कथा इथल्या प्रत्येक आजीला येते. मी मुलांना हा विषय देतो, 'देऊळ फिरतंय'. याचा फोटो कुठेही मिळणार नाही. कॉपी करायला काही नाही. देऊळ फिरताना कसं दिसेल, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं. पण देवळाचा पाया चांदणीसारखा कोपऱ्याकोपऱ्यांचा आहे, खालचे थर काळ्या दगडाचे आहेत, भिंतीवर मूर्तींच्या रांगा आहेत, हे ज्यानं जाऊन पाहिलं असेल त्याचंच देऊळ फिरेल. ज्यानं पाहिलं नाही त्याच्या कागदावर एक त्रिकोण आणि त्यावर झेंडा येतो. तो त्रिकोण कुठून बघितला तरी सारखाच दिसतो, तो फिरला काय आणि नाही काय, कळणार कसं?

एका मुलीनं हा विषय करताना भिंतीवरच्या दगडी मूर्ती एकमेकींना धरून उभ्या आहेत असं दाखवलं होतं, धक्क्यानं पडू नये म्हणून. दिव्यांच्या ज्योती सगळ्या एका बाजूला झुकलेल्या. आणि नंदी उठून उभा राहत असलेला, मान वळवून देवळाकडे बघणारा. मी तिला विचारलं, नंदी असा उठताना कसा काढलास? ती म्हणाली, "आमचा बैल बसलेला उठतो ना सर, आधी मागचे पाय उचलतो, मग पुढचे. मी ते बघितलंय." तिचा नंदी खरोखर तसाच होता, मागून उठलेला, पुढचे गुडघे अजून जमिनीवर.

तुमच्यातले काही जण विचारतील, हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, ट्यूशन आहे, शेत आहे, घरचं आहे. आठवड्यातून एक रविवारची सकाळ पुरेल, अर्धा-पाऊण तास. एका रविवारी वस्तू समोर, पुढच्या रविवारी तीच वस्तू न बघता, आणि तिसऱ्या रविवारी त्याच वस्तूची एखादी गोष्ट बनवून. म्हणजे तांब्या आधी पुढे ठेवून, मग आठवून, मग तो तांब्या विहिरीत पडला तर काय झालं ते. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत स्वतंत्र कलाशिक्षक नसतो, तिथे तर हे घरीच व्हायला हवं, आणि त्यासाठी आईवडिलांना चित्र यायची गरज नाही. शेजारी बसून "तुला काय दिसतंय?" एवढं विचारता आलं की झालं. तुम्हीही एक कागद घेतलात तर फारच चांगलं.

चित्र झालं की पाठीमागे मुलाच्याच अक्षरात तारीख आणि एक शब्द लिहून घ्या, 'बघून', 'आठवून' किंवा 'मनानं'. कागद रद्दीत घालू नका, पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवा. वर्षाच्या शेवटी मूल स्वतः ते पसरून बसेल, आणि कोणत्या कागदावर काय लिहिलंय हे न वाचता ओळखायचा प्रयत्न करेल. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातल्या एका मुलाला ते ओळखताच आलं नाही. त्याचे वडील मला काळजीनं विचारत होते, हे चांगलं का वाईट? मी म्हणालो, फार चांगलं, आता त्याला मोठा कागद आणून द्या.